लाल रंगातली ज्वारी

अंगाला खाज सुटते आणि पोट सतत बिघडलेलं असतं, या दोन तक्रारी एकत्र घेऊन फिरणाऱ्या माणसाला आपल्याकडे दोनच उत्तरं मिळतात. पहिलं, तुम्हाला काहीही झालेलं नाही. दुसरं, तुम्हाला सगळंच झालंय. पहिलं उत्तर डॉक्टरांच्या केबिनमध्ये सात मिनिटांत मिळतं. दुसरं उत्तर एका चकचकीत पीडीएफमधून येतं. मला गेल्या अडीच वर्षांत दोन्ही मिळाली आहेत. माझं म्हणणं असं, की दोन्ही खोटी आहेत आणि पहिल्या उत्तरामुळेच दुसऱ्याचा धंदा चालतो.

आधी पीडीएफ. आमच्या ऑफिसच्या वेलनेस पॅकेजमध्ये 'फूड इन्टॉलरन्स' चाचणी होती, म्हणून माझं रक्त गेलं. (बाहेर हीच चाचणी करायला मला दहा हजारांच्या वरचे दर सांगितले गेले होते.) दोनशेहून जास्त पदार्थ, प्रत्येकासमोर एक आकडा आणि तीन रंग: लाल, पिवळा, हिरवा. माझ्या रिपोर्टात ज्वारी लाल. शेंगदाणे लाल, तीळ लाल, तूर लाल, दही लाल. मी सोलापूरकडची आहे. म्हणजे भाकरी, शेंगाचटणी, आमटी आणि दही, माझं अख्खं ताटच लाल. हिरव्या रकान्यात काय होतं? ऑयस्टर, ट्राउट मासा, ब्लूबेरी, अस्पॅरॅगस. ऑयस्टर मी आजवर फक्त मोबाईलच्या स्क्रीनवर पाहिलाय.

हे पाहून कुणालाही एक साधा प्रश्न पडायला हवा. जे मी रोज खाते तेच नेमकं लाल आणि जे कधी तोंडात घातलं नाही ते हिरवं, असं कसं?

उत्तर तितकंच साधं आहे. ही चाचणी 'आयजीजी' नावाच्या अँटिबॉडी मोजते. आपण जे खातो त्याची ओळख शरीर ठेवतं आणि त्यातूनच या अँटिबॉडी तयार होतात. निरोगी माणसातही त्या असतात. म्हणजे या रिपोर्टातून मी काय खाते एवढंच कळतं, आणि ते मला आईनेही सांगितलं असतं, फुकट. युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच स्पष्ट लिहिलं होतं, की पदार्थांविरुद्धच्या आयजीजी-४ अँटिबॉडी म्हणजे तो पदार्थ शरीराला माहीत असल्याची खूण, अ‍ॅलर्जीची नव्हे, त्यामुळे अन्नाच्या तक्रारींचं निदान करायला ही चाचणी वापरू नये. अमेरिका आणि कॅनडातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांचंही हेच म्हणणं आहे. याहून मजेची गोष्ट म्हणजे, ज्यांना खरोखर अ‍ॅलर्जी असते त्यांना तोच पदार्थ अगदी कणाकणाने देऊन शरीराला सवय लावण्याचे उपचार असतात. ते लागू पडू लागले की रक्तातली आयजीजी-४ वाढते. शरीर त्या पदार्थाशी जुळवून घेतंय याची ती खूण. आणि आमच्या पीडीएफमध्ये तिलाच लाल रंग.

अ‍ॅलर्जी हा शब्द इतका सैल वापरला जातो, की तो मुळात किती काटेकोरपणे जन्माला आला हे विसरायला होतं. क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नातल्या बालरोगतज्ज्ञाने १९०६ मध्ये तो घडवला. पुढे १९२१ मध्ये कार्ल प्राउस्निट्झ आणि हाइन्झ क्यूस्टनर या दोन जर्मन डॉक्टरांनी एक प्रयोग केला. क्यूस्टनरला माशाची अ‍ॅलर्जी होती, प्राउस्निट्झला नव्हती. प्राउस्निट्झने क्यूस्टनरच्या रक्तातला द्रव स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. थोड्याच वेळात तिथे गांधी उठली, लाल झाली, खाजू लागली. रक्तातलं काहीतरी एका माणसाची अ‍ॅलर्जी दुसऱ्याच्या कातडीत नेऊ शकतं हे सिद्ध झालं. ते 'काहीतरी' म्हणजे आयजीई ही अँटिबॉडी, हे कळायला १९६० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला.

ही गोष्ट मला आवडते, कारण तिच्यात पुरावा आहे. पदार्थ आत गेला, काही मिनिटांत कातडी बोलली. आयजीईवाली अन्नाची अ‍ॅलर्जी अशीच वागते: खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत ओठ सुजतात, गांधी उठतात, उलटी होते, श्वास अडकतो. पुन्हा खाल्लं की पुन्हा होतं. माझ्यासारखं अडीच वर्षं, काहीही खाल्लं तरी, रात्री अकरानंतर पोटऱ्या आणि पाठ खाजत असेल, तर तो नमुना या साच्यात बसत नाही. बरं, आयजीईची चाचणीही नुसती पॉझिटिव्ह आली म्हणजे अ‍ॅलर्जी ठरत नाही. खाल्ल्यावर काय होतं हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. विचारायला मात्र वेळ लागतो, आणि पीडीएफला तो लागत नाही.

आता यावर येणारा आक्षेप मला पाठ आहे. 'माझ्या बहिणीने हे डाएट केलं आणि तिला फरक पडला!' पडला असेल. मी तिला खोटं ठरवत नाही. पण का पडला ते बघा. या रिपोर्टांमध्ये गहू, दूध, कडधान्यं यांपैकी काहीतरी बहुतेकदा लाल असतंच, कारण ते आपण सगळेच खातो. गहू, दूध, कडधान्यं, कांदा, लसूण यांत काही कर्बोदकं असतात जी लहान आतड्यात नीट शोषली जात नाहीत. ती आतड्यात पाणी ओढतात, मोठ्या आतड्यातले जंतू त्यांना आंबवतात, गॅस होतो. ज्यांचं आतडं ताणाला हळवं आहे त्यांना त्यातून कळा येतात. याला 'फॉडमॅप' म्हणतात आणि यावरचं काम ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात झालं आहे. यात अँटिबॉडीचा काडीचा संबंध नाही. आंबण्याचा आहे. इडलीचं पीठ रात्री फुगतं तसं.

म्हणूनच माझ्या रिपोर्टातला सगळ्यात मोठा विनोद ज्वारी नव्हती. कांदा होता. कांदा हिरवा होता! कांद्यात त्रास देतो तो फ्रुक्टॅन, एक कर्बोदक, आणि अन्नातली प्रथिनं शोधणाऱ्या चाचणीला तो दिसणं शक्यच नाही. नंतर एका आहारतज्ज्ञ ताईंबरोबर मी फॉडमॅपचा आहार नीट टप्प्याटप्प्याने केला. चार आठवडे कमी करायचं, मग एकेक गट परत आणून बघायचं, आणि जे सोसतं ते पुन्हा सुरू करायचं. हा तिसरा भाग महत्त्वाचा, आणि इंटरनेटवरच्या याद्यांमधून तोच गायब असतो. कांदा-लसूण आणि राजमा मला त्रास देतात. ज्वारी अजिबात नाही. शेंगदाणे नाहीत. वाटीभर दही चालतं. दोनशे पदार्थांच्या यादीने यातलं एकही बरोबर सांगितलं नव्हतं.

आणि पोटाच्या या आजारात, म्हणजे आयबीएसमध्ये, नुसत्या गोळीच्या आकाराच्या साखरेनेही बऱ्याच रुग्णांना बरं वाटतं, हे औषधांच्या चाचण्यांमध्ये पुन्हापुन्हा दिसलं आहे. ते बरं वाटणं ढोंग नसतं. पण त्याचं श्रेय कुणाच्या खिशात जातं, हा प्रश्न आहे.

'जाऊ दे ना, नुकसान तर नाही,' असं म्हणणाऱ्यांसाठी नुकसान मोजून दाखवते.

सीलिअ‍ॅक नावाचा आजार आहे. गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याचं अस्तर झिजतं, आणि वरवर पाहता तो आयबीएससारखाच दिसू शकतो. त्यातल्याच काहींना कोपरं, गुडघे, ढुंगण इथे भयंकर खाजणारे बारीक फोड येतात. पोट आणि खाज एकत्र असली तर हा आजार तपासलाच पाहिजे. त्याची रक्ताची चाचणी स्वस्त नसली तरी दोनशे पदार्थांच्या पॅनेलपेक्षा कितीतरी कमी पैशांत होते. पण तिची एक अट आहे: चाचणीच्या वेळी तुम्ही गहू खात असायला हवा. पीडीएफ पाहून आधीच गहू सोडलेल्या मुलीची ही चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. मग तिला सांगतात, तुम्हाला सीलिअ‍ॅक नाही. आजार तसाच, फक्त लपलेला.

दुसरं, लोह. शरीरात लोह कमी पडलं की अंगावर पुरळ नसतानाही खाज सुटू शकते. आता कडधान्यं, तीळ, शेंगदाणे बंद करून एखादी मुलगी वर्षभर भात आणि उकडलेल्या भोपळ्यावर राहिली, तर तिची खाज कमी होईल की वाढेल?

तिसरं नुकसान कुठल्याच रक्ततपासणीत येत नाही. पुण्यात पीजीत राहणाऱ्या, मेसचा डबा खाणाऱ्या मुलीला एक्केचाळीस पदार्थ बंद करायला सांगणं म्हणजे तिला माणसांतून उठवणं आहे. ती लग्नाच्या पंगतीत बसत नाही, मैत्रिणीच्या घरी जेवत नाही, घरून आलेला चिवडा वाटून टाकते. पुढे अन्नाचीच भीती बसते. माझ्या ओळखीत अशा दोघी आहेत आणि दोघींचंही वजन चाळीसच्या आत आलंय.

एवढं सगळं असूनही लोक तिकडे जातात. आपण मूर्ख आहोत म्हणून जात नाही. पहिलं उत्तर ऐकून आलेलो असतो म्हणून जातो.

त्वचेच्या डॉक्टरांनी माझी कातडी पाहिली, पुरळ नाही, गोळी लिहिली. पोटाचं सांगायला लागले तर म्हणाले, ते पोटवाल्यांना दाखवा. पोटाच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी आणि दुर्बीण नॉर्मल आल्यावर फाईल मिटली आणि म्हणाले, 'आयबीएस आहे. टेन्शन घेऊ नका.' खाजेचं सांगितलं तर हसून म्हणाले, 'ते माझ्या एरियात येत नाही.' लग्न ठरलंय का, असंही विचारलं. माझ्या शरीराची वाटणी झाली, आणि बांधावर जे उगवलं ते कुणाच्याच सातबाऱ्यावर नाही.

'नॉर्मल आलं म्हणजे काही नाही' हे वाक्य वैद्यकशास्त्राचं नाही, घाईचं आहे. आयबीएसचं निदान म्हणजे उरलेल्या आजारांचा गाळ नव्हे. त्याचे ठरलेले निकष आहेत: गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोटदुखी, आणि तिचा शौचाशी, शौच किती वेळा होते याच्याशी आणि तिच्या स्वरूपाशी, यांपैकी किमान दोन गोष्टींशी संबंध. २०१६ च्या रोम निकषांनी तर या आजारांना मेंदू आणि आतडं यांच्यातल्या संवादाचे बिघाड म्हटलं आहे. टेन्शनने तो वाढतो हे खरंच. दमाही टेन्शनने वाढतो. दम्याच्या रुग्णाला कुणी 'काही नाही झालेलं' म्हणून घरी पाठवतं का?

बेल्जियममधल्या लुव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये एक काम प्रसिद्ध केलं. ते वाचून मी अक्षरशः उठून बसले. आधी त्यांनी उंदरांमध्ये दाखवलं, की पोटात जंतुसंसर्ग असताना खाल्लेल्या पदार्थाशी शरीराचं वाकडं येऊ शकतं आणि संसर्ग गेल्यावरही तो पदार्थ खाल्ला की पोट दुखतं. मग त्यांनी आयबीएसच्या बारा रुग्णांच्या आतड्याच्या अस्तरात गहू, ग्लुटेन, सोया आणि दूध यांचे अर्क टोचले. बाराही जणांना किमान एका पदार्थाची तिथल्या तिथे प्रतिक्रिया आली. आठ निरोगी माणसांत ती दोघांनाच आली. प्रतिक्रिया करणाऱ्या पेशी होत्या मास्ट पेशी, ज्या हिस्टामिन सोडतात. त्याच पेशी कातडीत असतात आणि अंगावर गांधी उठवतात. म्हणजे आतड्यातल्या आतड्यात अशी अ‍ॅलर्जीसारखी गडबड चालू असू शकते, जी रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत दिसत नाही.

बारा म्हणजे बाराच माणसं, हे मी विसरलेले नाही. खाजेवरची एबास्टिन नावाची गोळी त्याच धाग्यावरून पुढे आयबीएसला देऊन पाहिली, तर फायदा थोड्याच रुग्णांना झाला. शिवाय माझ्या आतड्यात जे होतं त्याचाच माझ्या पोटरीवरच्या खाजेशी संबंध आहे, हे यातून सिद्ध होत नाही. पण 'काही नाही' आणि 'अजून कळलेलं नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आम्हाला तो फरक कुणी सांगत नाही. खाजेचं शास्त्रच मुळात तरुण आहे. खाज म्हणजे हलकी वेदना, अशी समजूत फार काळ होती. उंदरांच्या मज्जारज्जूत खाजेचा निरोप वेदनेपेक्षा वेगळ्या रिसेप्टरमार्फत जातो, हे २००७ मध्ये समोर आलं. आपल्या हातातले स्मार्टफोन आणि खाजेचा हा रिसेप्टर साधारण एकाच वयाचे आहेत!

घरात तिसरंच प्रकरण असतं. 'अगं, उष्णता झालीये तुला, सब्जा घे,' असं आई म्हणते. आपल्या भाषेत छातीत जळजळलं तरी पित्त आणि अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. गांधींवर आमसुलाचं पाणी लावतात आणि वर आमसुलाचं सरबत पाजतात. मला या शब्दाचं कौतुक आहे. पोट आणि कातडी यांना एका शब्दात बांधणारी भाषा त्या दोन डॉक्टरांपेक्षा जास्त पाहते. पण 'पित्ताचं आहे' म्हटलं की घरातला तपासही तिथेच संपतो. महिनोन् महिने गांधी उठत राहिल्या तर मोठ्या माणसांत त्याचं कारण बहुधा एखादा पदार्थ नसतोच. बऱ्याचदा स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्या मास्ट पेशींना डिवचत असते. त्यावर औषधं आहेत. आमसूल त्यात नाही.

आणि लाज. 'फार खाज आहे का तुला?' हे मराठीत शिवीसारखं वापरतात, आणि पोट बिघडणं हा तर कायमचा विनोद. ताप आला की रजा मिळते. 'रात्रभर खाजवत होते, सकाळी चारदा जाऊन आले' असं टीम लीडला कोण लिहील? मी मायग्रेन लिहिते.

लाजेमुळे माणूस डॉक्टरऐवजी केमिस्टकडे जातो, आणि केमिस्ट स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र कालवलेली ट्यूब काढून देतो. अशा ट्यूबांनी देशभर नायट्याचं काय करून ठेवलंय ते त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. स्टेरॉइडने खाज दबते, लाली जाते आणि बुरशी आरामात पसरते. नेहमीच्या औषधाला दाद न देणाऱ्या एका बुरशीच्या नावातच आता भारत आहे: ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. सरकारने २०१८ मध्ये अशा बऱ्याच स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीची सक्ती केली. ती कितपत पाळली जाते ते तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन बघा.

मग करायचं काय? सहा आठवड्यांहून जास्त खाज असेल आणि अंगावर काही दिसत नसेल, तर विचारण्यासारख्या गोष्टी मोजक्या आहेत: हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड, साखर, शौचाची तपासणी, सीलिअ‍ॅकची चाचणी (गहू खात असताना!) आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी. घरात आणखी कुणाला रात्री खाजतंय का, हेही. असेल तर ती खरूज असू शकते आणि उपचाराने प्रश्न मिटू शकतो. शौचातून रक्त, आपोआप उतरणारं वजन, रक्तक्षय, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रात्री घाम आणि गळ्याला किंवा काखेत गाठ, यातलं काही असेल तर आयबीएस म्हणून गप्प बसायचं नाही. हे सगळं एका साध्या फॅमिली डॉक्टरला करता येतं. फॅमिली डॉक्टर नावाची जात आपण शहरांमधून संपवली, हे खरं दुखणं आहे.

चाचणी विकणाऱ्यांकडून माझी मागणी छोटी आहे. रिपोर्टाच्या पहिल्या पानावर, रंगांच्या वर, ठळक मराठीत छापा: 'या चाचणीवरून अ‍ॅलर्जीचं निदान होत नाही.' बघू किती विकल्या जातात.

डॉक्टरांकडून मागणी त्याहून छोटी आहे, आणि ती एका बाईंनी पूर्ण केलीय. त्या त्वचेच्याच डॉक्टर आहेत. त्यांनी पोटाचं सगळं विचारलं, वरच्या यादीतलं जे राहिलं होतं ते तपासलं, सगळं ठीक आलं. फाईल बंद न करता म्हणाल्या, 'कारण मला सापडलेलं नाही. पण खाज खरी आहे, ती कमी करता येईल. वाढली, नवीन काही दिसलं, तर लगेच या.' झोप न आणणारी गोळी बदलून दिली, साबण बंद करायला लावला, आंघोळीनंतर ओल्या अंगावर मॉइश्चरायझर सांगितलं. आठवड्यातल्या चार रात्री आता मी सलग झोपते. उरलेल्या तीन रात्रींची नोंद वहीत ठेवते आहे, कारण पुढच्या तारखेला त्यांना ती बघायची आहे.